गळपट्टीच्या आतलं नाव

जुन्या कपड्यांचा धंदा केला असं सांगितलं, की समोरचा माणूस नकळत स्वतःच्या बाहीकडे बघतो. आपल्या अंगावरचं एखादं या म्हाताऱ्याच्या हाताखालून तर गेलेलं नाही ना, अशी शंका त्याच्या चेहऱ्यावर येते. मी काही बोलत नाही. सवयीने त्याच्या कॉलरवर नजर मात्र टाकून घेतो. कॉलर उलटवून शिवलेली असली तर ती मला लांबूनच दिसते, आणि ते त्याला सांगायचं नाही एवढी सभ्यता या धंद्याने शिकवली.

आमचा ठिय्या नागपुरात, गांधीबागेच्या मागच्या अंगाला होता. पुढच्या रस्त्यावर नव्या कापडाचे ठोक व्यापारी, पांढऱ्याशुभ्र गाद्या आणि लोड-तक्के. मागच्या गल्लीत फळ्या टाकून आम्ही. पुढून थान फाडल्याचा आवाज यायचा, आमच्याकडून कपडे झटकल्याचा. मी घरचा कोष्टी. वडिलांचा हातमाग बंद पडला, मग मी गिरणीत विणखात्यात लागलो, आणि तेही सोडून इथे येऊन बसलो. वडिलांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. "आपण कापड जन्माले घालतो गा वसंता," ते म्हणायचे, "अन् तू त्याचं म्हातारपण विकून राहिला." बोलणं झोंबायचं, पण खोटं नव्हतं.

माल दोन वाटांनी यायचा. एक वाट भांडेवालीची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन ती दारोदार हिंडायची, जुन्या पँटी-साड्यांच्या बदल्यात डबा नाहीतर पातेलं द्यायची आणि संध्याकाळी गाठोडं आमच्या फळीवर आणून टाकायची. मग आमचं काम सुरू. कपडा आधी आतून बघायचा, हा पहिला धडा. बाहेरून सगळेच कपडे बरे दिसतात. आतून आधी गळा, मग काख, मग बाहीचं टोक. मग सोड्याच्या पाण्यात उकळायचं, रफू करायचं, गुंड्या बदलायच्या, इस्त्री मारायची. बाही आखूड करायची असली तर कापायची नाही, आत दुमडून शिवायची. पुढचा मालक उंच निघाला तर काय करणार? आमच्या धंद्यात कुठलाच मालक शेवटचा नसतो.

दुसरा धडा मला एका बाईने दिला. एकदा भांडेवालीने एकाच घरचे सगळे पुरुषी कपडे आणले. शर्ट, धोतरं, कोट, टोप्या, मफलरसुद्धा. एका माणसाचं सगळं एकदम आलं की त्या घरी काय झालं ते विचारावं लागत नाही, पण मला तेव्हा तेवढी अक्कल नव्हती. चौकडीचा कोट चांगला होता. मी तो साफसूफ करून दर्शनी टांगला आणि तो लगेच विकलाही गेला. घेणारा अंगात घालूनच निघाला. त्याच्या मागून एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती. तिची नजर त्या पाठमोऱ्या कोटावर गेली, पिशवी हातातून सुटली आणि ती धावत सुटली. "अहो, थांबा ना!" तो माणूस वळला. अनोळखी चेहरा दिसल्यावर तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता आणि ओरडण्याचाही नव्हता. वांगी गल्लीभर पसरली होती आणि मी ती उचलून द्यायलाही गेलो नाही.

त्या दिवसापासून मेलेल्या माणसाचे कपडे मी शहरात विकले नाहीत. ते वेगळे बांधायचे आणि खेड्यात, कुहीच्या बाजाराला धाडायचे. तिथले लोक इथल्या मृतांना ओळखत नाहीत, एवढाच माझा हिशोब होता. तो हिशोब कुणाला लागेल हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसरी वाट परदेशी गाठींची. मुंबईहून परदेशी जुन्या कपड्यांचा माल यायचा, कागदोपत्री चिंध्या म्हणून, कारण कपडे आणायला परवानगी नव्हती. चिंधी वाटावी म्हणून प्रत्येक कपड्याच्या पाठीत ब्लेडचा लांब काप मारलेला असायचा. आम्ही तो रफू करायचो. नागपुरात हिवाळ्यात कुणाच्या परदेशी जर्सीच्या पाठीवर उभी रेघ दिसली, की ती माझ्या नाहीतर माझ्या शेजाऱ्याच्या फळीवरची, हे ओळखावं. गाठ फोडणं म्हणजे दर वेळी एक धक्काच असायचा. आत काय काय निघायचं! घोट्यापर्यंतचे बायकांचे कोट, शिंगांचं चित्र काढलेल्या टोप्या, आणि एकदा तर एका गाठीत सगळे डाव्या हाताचेच मोजे.

मग ऐंशीच्या पुढेमागे त्या राखाडी जर्श्या येऊ लागल्या. आता त्यांना स्वेटशर्ट म्हणतात. आतून मऊ, बाहेरून जाड, छातीवर निळी इंग्रजी अक्षरं, आणि खाली एका लांबलचक बसक्या इमारतीचं आणि दोन झाडांचं चित्र. चित्रात ना देव ना राजा, नुसती इमारत. मला काही उलगडा होईना. माझ्याकडे कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक सर यायचे. ते कोट माझ्याकडूनच घ्यायचे, पण विद्यार्थी बघतील म्हणून फळीच्या मागे, पोत्यांच्या आडोशाला उभे राहून घालून बघायचे. मी त्यांना जर्सी दाखवली. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "कॉम्प्युटर बनवणारी कंपनी दिसते. हे तिचं मुख्यालय. बघायला येणाऱ्यांना आठवण म्हणून तिथंच विकत असतील."

"कचेरी बघाले लोक येतात?" मी थक्क झालो.

"येत असतील बुवा."

"अन् कचेरीचं नाव छातीवर घालून घरी जातात?"

"आपण रामटेकहून फोटो आणतो की नाही?"

"सर, रामटेकले देव आहे."

सर हसून कोट घालून बघायला पोत्यांमागे गेले. मला मात्र पुढे कितीतरी दिवस ते पचलं नाही. आपल्याकडे कुणी विद्युत मंडळाचं नाव छातीवर लिहून स्वतःच्या पैशाने मिरवेल का? पण माझ्याकडून त्या घेणाऱ्या कोराडीच्या वीजघरातल्या कामगारांना अक्षरांशी घेणंदेणं नव्हतं. जर्सी जाड होती, गार वाऱ्यात टिकायची, आणि राखाडीवर राख दिसत नाही. हिवाळ्यात कोराडीच्या पहिल्या बसमध्ये बसावं, तर वीजघरातले निम्मे लोक अमेरिकेतल्या त्या कंपनीचे नोकर वाटायचे.

आता श्रावणचं सांगतो. हे सगळं त्याच्यासाठीच लिहायला घेतलं आहे.

श्रावण मेश्राम माझा गिरणीतला दोस्त. मी विणखात्यात, तो कताईत. त्याला विणखात्यात घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढून धोट्यात घालावा लागायचा, आणि त्याच्या तोंडचा धागा बाकीच्यांना चालत नसे. तो हे हसून सांगायचा, आणि माझी मान आपोआप खाली जायची. पुढे कोराडीला वीजघर उभं राहिलं तसा तो तिकडे कोळशाच्या पट्ट्यावर लागला. सुट्टीच्या दिवशी बसने गांधीबागेत यायचा, माझ्या फळीवर टेकायचा, चहा घ्यायचा. पण एवढ्या वर्षांत त्याने माझ्या मालाला कधी बोट लावलं नाही. ढिगाला अंग लागू नये म्हणून गुडघे जवळ घेऊन, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसायचा. कपडे घ्यायचे तर पुढच्या रस्त्यावरचं नवं कोरं मांजरपाट. माझ्याकडच्या सुंदर कोटापेक्षा त्याला ते जाडंभरडं मांजरपाट प्यारं.

मी एकदा चिडून विचारलं, "काहून गा? माह्या फळीवर काय महारोग आहे?"

त्याने उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, "माह्या गावचा मालगुजार मेला ना, तवा त्याचे कपडे आमच्या घरी आले. अंगावरचे, पांघरायचे, सगळेच. तोच आमचा मान होता म्हणे! मी त्याचा कोट घालून शाळेत जात होतो. बाह्या गुडघ्यापर्यंत. पोट्टे म्हणत, मालगुजार आला, मालगुजार आला. मग माहा बाप नागपुरात दीक्षा घेऊन आला अन् घरातलं सारं दुसऱ्याचं फडकं आंगणात टाकून त्याले आग लावली. मायनं त्यावर भाकरी भाजली. बापानं मले सांगतलं, मेलेल्याचं नाही अन् टाकलेलंही नाही. नागडा राहजो, पण उतरण नको घालजो."

गाव कुठलं म्हणून विचारलं तर म्हणाला, कुही तालुक्यातलं. मी चहाचा कप खाली ठेवला. मृतांची गाठोडी मी कुठे धाडतो हे त्याला सांगितलं, कारण न सांगता त्याच्यासमोर बसणं जमेना. तो उठला आणि बसस्टँडकडे निघून गेला. पुढे कितीतरी सुट्ट्या तो आला नाही. परत आला तो एवढंच म्हणाला, "दुसरीकडे पाठव." मग मी ती गाठोडी दुसऱ्या दिशेला पाठवू लागलो. त्या दिशेला माझा कुणी दोस्त नव्हता, एवढाच काय तो फरक.

श्रावणचा मुलगा आनंद हुशार निघाला. इंजिनियर झाला आणि पुढच्या शिक्षणाला अमेरिकेला गेला. श्रावण त्याची पत्रं खिशात घेऊन यायचा. पोरगा कॉम्प्युटरवाल्यांच्या गावात राहतो, शिकता शिकता कंपनीजवळ काम करतो, असं सांगायचा. त्याचं बोलणं ऐकताना मला माझी राखाडी जर्सी आठवायची, पण मी कधी विषय काढला नाही.

श्रावणच्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. हिवाळा होता. तो कागदात गुंडाळलेलं काही घेऊन आला आणि फळीवर न ठेवता माझ्या हातात दिलं.

"आनंदानं पाठवला. तिकडून कोणी येऊन राहिलं होतं, त्याच्या हातून. निरोपाच्या कार्यक्रमात घालाव म्हणतो. बाह्या लांब आहेत, तेवढ्या बसवून दे. नवा आहे बरं, सांभाळून."

कागद सोडला. तीच राखाडी जर्सी. तीच निळी अक्षरं, तीच बसकी इमारत, तीच दोन झाडं. मी आधी पाठ बघितली. काप नव्हता. म्हणजे गाठीतली नव्हती, थेट तिकडून आलेली होती. बरं वाटलं. मग हाताला सवय लागलेली, तो आपोआप आत गेला, आणि बरं वाटणं तिथेच संपलं. कोपराशी आतली लव झिजून गुळगुळीत झालेली होती. बाहीच्या टोकाची वीण सैल पडलेली होती. खालच्या पट्टीत टाचणीची बारीक तार अडकून राहिली होती, तिच्यात कागदाचा कपटा. तिकडच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात किमतीचा कागद तसाच टोचतात, आणि माझ्या गाठींतल्या कपड्यांवर तो मला नेहमी सापडायचा. आणि गळ्याच्या मागे, आतल्या बाजूला, एक वेगळीच कापडी पट्टी शिवलेली होती, राखाडी कपड्यावर काळ्या दोऱ्याने, वाकड्यातिकड्या टाक्यांत. पट्टीच्या कडेखालून निळ्या शाईची दोन अक्षरं डोकावत होती. कुणाचं तरी नाव होतं ते. दुसऱ्या कुणाचं तरी.

श्रावण समोर उभा होता, हात मागे बांधून, कौतुकाने बघत.

"कसा आहे कपडा?"

"उत्तम," मी म्हणालो. मी जर्सी परत कागदात गुंडाळली. "चार दिवसांनी ने."

तो गेल्यावर मी फळी लवकर आवरली. राग आवरत नव्हता. जुना कपडा पाठवला इथवर ठीक. गरिबी असेल. पण वरून पट्टी शिवली, म्हणजे पोराला ठाऊक होतं. बापाचं व्रत ज्याच्या कानी लहानपणापासून पडलं, त्यानेच नाव झाकून बापाच्या अंगावर उतरण चढवायची? घरी बायकोला, सुमित्राला, सगळं सांगितलं. तिने जर्सी हातात घेतली, गळ्याच्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सांगाल तर बापाच्या मनातून पोट्टा जाते. नाही सांगाल तर बापाचं व्रत जाते, अन् त्याले पत्ताही लागत नाही. पाहा बाप्पा काय करता ते."

ती साधंच बोलली, पण याहून वेगळी तिसरी वाट नव्हती. दोन दिवस मी जर्सीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी काम केलं, आणि असं केलं की माझ्या सगळ्या धंद्यात तेवढं चांगलं काम झालं नसेल. बाह्या आत दुमडल्या. कोपराला आतून लव चढवली. तार काढली. काळे टाके उसवले. खालचं नाव कुण्या गोऱ्याचं, अर्धं पुसट. ती सगळी गळपट्टीच काढून टाकली आणि त्याच रंगाची नवी पट्टी त्याच रंगाच्या दोऱ्याने बसवली. आता देवालाही कळलं नसतं. आणि तेच बघून मला स्वतःची भीती वाटली. नाव झाकायचं पोराला नीट जमलं नव्हतं, ते मी पूर्ण करून ठेवलं होतं. श्रावण आला की सांगून टाकायचं, घालायचं की जाळायचं ते त्याने ठरवावं, असं मी मनाशी पक्कं केलं.

तो आला. चहा आला. मी जर्सी पुढे केली आणि तोंड उघडलं, "श्रावण, हे बघ, तुले एक सांगाचं होतं..."

त्याने जर्सी घेतली, उलटी केली आणि सरळ गळा बघितला.

"पट्टी बदलली काय?"

मी मान हलवली.

"त्याच्याखाली नाव होतं ना कोणाचं? मले थोडंसं दिसत होतं. वाचता नाही आलं." तो नव्या पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणाला. "ते काळे टाके आनंदाचे. शाळेत दप्तर फाटलं का तोच शिवत होता. टाका असाच वाकडा, अन् शेवटी तीन गाठी. सुटन म्हणून भेव वाटे त्याले."

"तुले माहीत होतं?" मी जवळजवळ ओरडलो. शेजारच्या फळीवरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "मग नवा आहे म्हणून काहून सांगतलं मले?"

"पाहाव म्हटलं, तू सांगतो का नाही."

"मी सांगतच होतो."

"हो. आताच." तो किंचित हसला आणि मग त्याचा चेहरा बदलला. "माह्या बापानं ते कपडे काहून जाळले, वसंता? आमच्या अंगावर कोणी फेकले होते म्हणून. हा कोणी फेकला नाही गा. पोट्ट्यानं टाके मारमारून लपवला. नवा घ्याले ज्याच्यापाशी पैसा नाही, तो तिथं थंडीत स्वतः काय घालत असन? पत्रात लिहिते, बाबा, मजेत आहो. तो तिथं दुसऱ्याचं घालून राहिला, अन् मी इथं मांजरपाटाचा तोरा मिरवू?"

आणि मग या माणसाने, ज्याने वर्षानुवर्षं माझ्या ढिगाला अंग लागू दिलं नव्हतं, ती जर्सी माझ्यासमोर डोक्यातून घातली. मी बघतच राहिलो. इतका धक्का मला त्या पट्टीखालचं नाव बघूनही बसला नव्हता. त्याने गळा नीट केला आणि तिथेच फळीवर बसला, ढिगाला टेकून.

"आता नाव टाक," तो म्हणाला. "बिब्ब्यानं टाक, निघाले नाही पायजे. मराठीत टाक. कोणाचा म्हणून विचारलं तर माहा म्हणून दिसलं पायजे."

धोबी कपड्यावर खूण करायला बिब्ब्याचं तेल वापरतात. कपडा विरतो पण ती खूण जात नाही. मी शेजारच्या धोब्याकडून बिब्बा आणला आणि नव्या पट्टीवर सुईच्या टोकाने लिहिलं, श्रावण मेश्राम. तो मान वाकवून बघत होता.

"अन् आनंदाले सांगू नको," उठताना तो म्हणाला. "मले समजलं म्हणून त्याले समजलं, तर त्याले तिथं झोप येणार नाही. कधीच सांगू नको. शब्द दे."

मी शब्द दिला.

निरोपाच्या कार्यक्रमाला मी कोराडीला गेलो होतो. हार, शाल, नारळ, सगळं रीतसर झालं. शाल त्याने खुर्चीवर ठेवली आणि जर्सी अंगात ठेवून भाषण केलं. खाली बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या अंगावर माझ्या फळीवरची तीच जर्सी होती, पाठीत रफूची रेघ असलेली. एका साहेबाने कौतुकाने विचारलं, "मेश्राम, मुलगा या कंपनीत आहे का तुमचा?" श्रावण म्हणाला, "जवळच आहे, साहेब." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

पुढे काही वर्षांनी श्रावण गेला. आजार थोडाच झाला, पण आनंदला यायला उशीर झाला, अंत्यविधी झालेला होता. माझे कपडे कुणाला द्यायचे नाहीत, जाळून टाकायचे, असं श्रावण बायकोला सांगून गेला होता, आणि तिने ते पाळलं. एप्रिलच्या उन्हात एक दिवस आनंद माझ्या फळीसमोर येऊन उभा राहिला. आता तो चांगला कमावता होता, बापापेक्षा वीतभर उंच, डोळे सुजलेले. हातात राखाडी जर्सी होती.

"आईने सगळं जाळलं काका. हा मीच बाजूला काढला. बाह्या मोठ्या करता येतील का? बाबांनी कापून घेतल्या असतील ना?"

"कापल्या नाहीत," मी म्हणालो. "बस."

तो फळीवर बसला, बापाच्याच जागेवर. मी चष्मा लावून बाहीची दुमड उसवायला घेतली. थोड्या वेळाने माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं आणि माझी सुई थांबली. त्याचा हात ढिगात गेला होता. त्याने एक शर्ट ओढला, न बघता आतून उलटवला. गळा, काख, बाहीचं टोक. डावीकडे टाकला. दुसरा ओढला. गळा, काख, टोक. उजवीकडे. हात माझ्याइतका सराईत होता. मी हबकून बघत राहिलो.

"आनंद, हे कुठं शिकला?"

तव्याला लागल्यासारखा त्याने हात मागे घेतला. मग मान खाली घालून म्हणाला, "तिथेच, काका. त्या कंपनीच्या फाटकासमोरून रोज जात होतो. आत कधी गेलो नाही. पुढच्या चौकात जुन्या कपड्यांचं दुकान होतं, कॉलेज सुटलं की तिथं ढीग निवडायचो. बाबांना लिहिलं, कंपनीजवळ काम मिळालं. कसलं ते लिहिलं नाही. कसं लिहिणार होतो? त्यांनी जन्मभर..." त्याने जर्सीकडे बोट केलं. "हा तिथलाच होता. सगळ्यात चांगला म्हणून ठेवून घेतला होता. नाव निघेना, म्हणून वरून पट्टी शिवली. बाबांना कळलं असतं तर त्यांनी तोंड पाहिलं नसतं माझं. मी फसवलं त्यांना, काका. अजूनही असेल ती पट्टी."

असं म्हणून त्याने जर्सी माझ्या मांडीवरून ओढली आणि गळा उलटवला.

काळा दोरा तिथे नव्हता. त्याची वाकडी पट्टी नव्हती, शेवटच्या तीन गाठी नव्हत्या, गोऱ्याचं नाव नव्हतं. कितीतरी धुण्यांनंतरही काळंभोर, सुईच्या टोकाने लिहिलेलं बापाचं नाव तेवढं होतं. आनंदने ते वाचलं. पुन्हा वाचलं. आपली पट्टी उसवल्याशिवाय ते तिथे आलं नसतं, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं गेलं असेल, हे जुने कपडे निवडलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी शब्द दिलेला होता. मी दुसरी बाही जवळ ओढली आणि दोरा उसवायला लागलो.

दुसरी बाहीही मोकळी झाली.

"किती दिवस घातला त्यांनी हा?" त्याने विचारलं.

"दर हिवाळ्यात," मी म्हणालो. एवढं सांगायला बंदी नव्हती.

तो रडला. भर बाजारात, ढिगावर डोकं टेकून, लहान पोरासारखा. मी त्याला रडू दिलं आणि बाह्या पूर्ण करून दिल्या. धंद्याची सवय म्हणून तोंडातून निघून गेलं, "नाव बदलून देऊ का?" त्याने मानेने नाही म्हटलं आणि त्या उन्हात जर्सी डोक्यातून घातली. बाह्या बरोबर मनगटापर्यंत आल्या. माझ्या पायाला हात लावून तो गल्लीतून बसस्टँडच्या दिशेने चालू लागला.

मेलेल्या माणसाचा कपडा मी या शहरात पुन्हा कुणाच्या अंगावर चढू दिला नव्हता. त्या राखाडी पाठीकडे बघत मी फळीवरून कधी उतरलो ते मला कळलं नाही. चप्पलही घातली नव्हती.

"श्रावण!" मी ओरडलो. "श्रावण, थांब गा!"

आनंद वळला, आणि माझ्याकडे धावत परत आला.